खेळाचा संगणक घेताना

संगणकावर खेळ खेळणे ही आता केवळ शहरातल्या मुलांची हौस राहिलेली नाही. बारावीचा निकाल लागतो, उसाचे किंवा कापसाचे पैसे हाती येतात आणि खेड्यातल्या घरातही मुलगा म्हणतो, "मला गेमिंगचा कॉम्प्युटर पाहिजे." बाप विचारात पडतो. बैल घ्यावयाचा तर दात पाहावेत, खांदा पाहावा, चार पावले चालवून पाहावा, एवढे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ह्या पेटीचे दात कोठे पाहावयाचे? मग तो शाळेतल्या गुरुजींना विचारतो. गुरुजी मुलालाच विचारतात. मुलगा दुकानदाराने सांगितलेले पाठ म्हणून दाखवतो. अशा रीतीने पन्नास-साठ हजारांचा व्यवहार शेवटी दुकानदाराच्याच शब्दावर होतो.

असे खेळ मुलांना खेळू द्यावेत की नाहीत, हा विषय निराळा. त्यात मी आज शिरत नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन प्रकारांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे, तेही येथे अभिप्रेत नाहीत. मी बोलतो आहे ते २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत ज्या जातीच्या खेळांना पदके मिळाली, त्यांविषयी. मी अर्थशास्त्र शिकवतो, यंत्रशास्त्र नव्हे. पण मोजके पैसे कोणत्या भागावर घालावेत आणि कोणत्या भागावर घालू नयेत, हा प्रश्न मुळात माझ्याच विषयातला आहे.

आधी यंत्र काय करते ते समजून घेऊ. सिनेमाच्या पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे झरझर पुढे सरकतात, म्हणून माणसे चालताना दिसतात. ती चित्रे आधीच काढून ठेवलेली असतात. खेळात तसे करता येत नाही. खेळणारा डावीकडे वळेल की उजवीकडे, हे कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्याने तयार करावे लागते. सेकंदाला अशी साठ चित्रे निघाली तर खेळ डोळ्यांना सुरळीत वाटतो. म्हणजे एका चित्राला वेळ मिळतो सेकंदाच्या साठाव्या भागाचा, सतरा मिलिसेकंदांहूनही कमी.

आणि एक चित्र म्हणजे केवढे काम? सध्या सर्वांत जास्त प्रचारात असलेल्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. वर्गात मुलांना हा गुणाकार करावयास सांगा. उत्तर येते २० लाख ७३ हजार ६००. ह्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवावयाचा आणि तो सेकंदातून साठ वेळा. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके! फळ्यावर ही संख्या मांडली की मुले कशी गप्प होतात, ते पाहाच.

हे काम दोघे मिळून करतात. एक प्रोसेसर आणि दुसरे ग्राफिक्स कार्ड. शत्रू कोठे उभा आहे, गोळी लागली की नाही, दार उघडले की नाही, हा सगळा निवाडा प्रोसेसर करतो. त्याच्यात चार, सहा, आठ असे थोडेच पण हुशार कोअर असतात. हा आपला मुकादम. ग्राफिक्स कार्डात साधे काम करणारे हजारो बारीक कोअर असतात. हे खुरपणीचे मजूर. खुरपणी ही काही एकट्या हुशार माणसाने उरकण्याची गोष्ट नव्हे. तिला पन्नास बायका लागतात, एकेक ओळ धरून एकदम पुढे सरकणाऱ्या. ठिपके रंगवण्याचे काम असेच ओळी वाटून घेण्याचे आहे. एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली जीफोर्स २५६ हे कार्ड काढले, तेव्हा त्याला जीपीयू असे नाव देऊन त्याचा मोठा गाजावाजा केला. तेव्हापासून हे नाव घरोघर झाले.

आता मुकादम हुशार पण मजूर चारच, तर रान पडून राहणार. मजूर शंभर आणले, पण मुकादमाला ओळी वाटून देता येईनात, तरी मजूर बांधावर बसून राहणार. एका जुवाला खिलारी बैल आणि म्हातारा बैल जुंपला, तर गाडी म्हाताऱ्याच्याच चालीने चालते. खिलारीची किंमत फुकट जाते. खेळाच्या संगणकाच्या बाबतीत सांगण्यासारखी मुख्य गोष्ट ही एवढीच. एकच भाग भारी घेऊन काही साधत नाही. जोडी जमली पाहिजे, आणि ती तुमच्या खेळाला व तुमच्या पडद्याला जमली पाहिजे.

म्हणून दुकानात पाऊल टाकण्याआधी मुलाला दोन प्रश्न विचारा. तू नेमका कोणता खेळ खेळणार? आणि कोणत्या पडद्यावर? व्हॅलोरंट हा २०२० साली आलेला खेळ घ्या. तो मुद्दाम हलका बनवलेला आहे. प्रोसेसरच्या अंगच्याच ग्राफिक्सवरही तो चालतो, आणि वेगाने चालवावयाचा असेल तर त्यात प्रोसेसरचाच कस अधिक लागतो. त्याच वर्षी आलेला सायबरपंक २०७७ हा खेळ मात्र अगदी उलट. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबे काढता काढता तो कार्डाचा घाम काढतो. कंपनीने स्वतःच सांगितलेली त्याची किमान गरज म्हणजे जीटीएक्स १०६० हे सहा जीबीचे कार्ड, १२ जीबी रॅम आणि एसएसडी; आणि एवढे असूनही चित्र कमी प्रतीचेच दिसावयाचे. दोन खेळ, दोन निराळे संगणक! 'गेमिंग पीसी' असा एकच एक माल नसतो, बरं का. प्रत्येक खेळाच्या विक्रीच्या पानावर 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन रकाने छापलेले असतात. त्यांतला दुसरा रकाना वहीत उतरवून घ्यावा. पहिल्या रकान्यावर खरेदी करणे म्हणजे केवळ पास होण्यापुरता अभ्यास करण्यासारखे आहे.

पडद्याचेही तसेच. १९२०×१०८० ऐवजी २५६०×१४४० चा मॉनिटर घेतला, की ठिपके होतात जवळजवळ ३७ लाख. ज्याला फोर-के म्हणतात त्यात तर ८३ लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. कार्डावरचे ओझेही त्याच मानाने वाढते. दुकानात फोर-के मॉनिटर सुरेख दिसतो. घरी आणल्यावर बिचारे मध्यम कार्ड धापा टाकू लागते. मर्यादित पैशांत १०८० चाच मॉनिटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. एका पालकांनी मला एका दुकानाचे कोटेशन आणून दाखवले. त्यावर लिहिले होते : आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॉट पॉवर सप्लाय, चार रंगीत पंख्यांचे काचेचे कॅबिनेट. एकरभर सोयाबीनचे पैसे त्यात सहज गेले असते. वरवर पाहता कागदात खोटे काहीच नव्हते. प्रत्येक शब्द खरा आणि तरीही कागद फसवा, अशी ही गंमत आहे. ती एकेक करून पाहू.

'आय-७' हे नाव इंटेल कंपनी २००८ पासून वापरत आली. ते एका यंत्राचे नाव नव्हे, एका तुकडीचे नाव आहे. 'अ' तुकडीतला मुलगा म्हटले की तो हुशार असेल खरा. पण दुसरीच्या 'अ' तुकडीतला की दहावीच्या? ही इयत्ता पुढच्या आकड्यात असते. त्या कागदावर तो आकडाच नव्हता. विचारल्यावर कळले की, तो आय-७ २६०० होता. म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. २०२२ साली आलेला आय-३ १२१०० हा बाराव्या पिढीचा. दोघांतही कोअर चारच. पण हा धाकट्या नावाचा आय-३ त्या थोरल्या आय-७ ला सहज मागे टाकतो. दहावीच्या 'क' तुकडीतल्या मुलाला दुसरीच्या 'अ' तुकडीतल्या मुलापेक्षा अधिक गणित येणारच, नाही का? शिवाय विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलचे जे प्रोसेसर मान्य केले, ते साधारण आठव्या पिढीपासूनचे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळावयाचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ह्या दोन सोयी संगणकात लागतात. जुना माल स्वस्त पडतो असे वाटते खरे, पण तो घराच्या दारातच अडतो तो असा.

आकड्यामागच्या अक्षराकडेही लक्ष ठेवा. इंटेलच्या १२४०० मागे 'एफ' असेल, तर त्याच्या अंगी स्वतःचे ग्राफिक्स नाही. वेगळे कार्ड घातल्यावाचून पडद्यावर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या ५६०० जी मधला 'जी' उलट सांगतो : ह्याच्या अंगी बरे ग्राफिक्स आहे, आज कार्ड नसले तरी चालेल. ज्यांच्याजवळ पैसे कमी आहेत आणि ज्यांना हलकेच खेळ खेळावयाचे आहेत, त्यांनी असा प्रोसेसर घेऊन सुरुवात करावी आणि कार्ड पुढच्या सुगीवर ठेवावे. ह्यात कमीपणा मुळीच नाही.

त्या कागदावरची खरी मेख होती 'दोन जीबी ग्राफिक्स कार्ड' ह्या शब्दांत. दोन जीबी ही कार्डाची मेमरी झाली, ताकद नव्हे. गोदाम केवढे आहे ते सांगितले, मजूर किती ते सांगितलेच नाही! ते कार्ड होते जीटी ७१०. त्यात कोअर आहेत १९२. २०२१ साली आलेल्या आरटीएक्स ३०६० मध्ये आहेत ३५८४. जीटी ७१० हे चित्र पडद्यावर पोहोचवण्यापुरते ठीक, खेळासाठी नव्हे. मात्र कोअर मोजूनही पूर्ण उलगडा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२३ च्या आरटीएक्स ४०६० मध्ये कोअर ३०७२, मेमरीही १२ ऐवजी ८ जीबी. तरीही बहुतेक खेळांत ते ३०६० च्या पुढे जाते, कारण पिढी नवी. येथेही पहिले दोन आकडे इयत्तेचे आणि शेवटचे दोन तुकडीचे असे धरून चाला. शंका आली तर आपला खेळ आणि कार्डाचे नाव घालून यूट्यूबवर चाचणी शोधावी. सेकंदाला किती चित्रे निघतात, हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. बैल चालवून पाहण्याची हीच रीत.

रॅमचे फार सांगावयास नको. आज १६ जीबी असावी. ती १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेतल्या, तर प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. अंगचे ग्राफिक्स वापरणाऱ्याला तर हा फरक उघड दिसतो. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ ह्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, तेव्हा मदरबोर्ड आणि रॅम एकाच वेळी ठरवावी. एसएसडी घ्यावीच, आजचे मोठे खेळ शंभर जीबीहून अधिक जागा अडवतात, म्हणून जमल्यास एक टीबी.

पॉवर सप्लायजवळ मात्र जरा थांबू. ह्यालाच दुकानात एसएमपीएस म्हणतात. मुलाला त्याच्यात रस नसतो, कारण त्याने खेळ वेगवान होत नाही. दुकानदाराला रस असतो, कारण येथे दोन हजार वाचवले तरी गिऱ्हाइकाला कळत नाही. आणि आपल्या खेड्यांतली वीज कशी असते, ते तुम्हांला मी काय सांगावे! संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की दिवा पिवळा होतो, आणि रात्री भार उतरला की एकदम लखलखतो. घरात येणारी ती २३० व्होल्टची वीज घेऊन नाजूक भागांना १२ व्होल्ट नीट पोहोचवणे, हे ह्या डब्याचे काम. तो बिघडला तर एकटा मरत नाही. कधीकधी कार्ड आणि मदरबोर्डही बरोबर घेऊन जातो.

त्याची परीक्षा कोणत्याही शिक्षकाला करता येईल. डब्याच्या बाजूला एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि खालचे अँपिअर पाहा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. वर मोठ्या अक्षरांत ५०० लिहिलेले असो. रकान्यात १६ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि कार्ड ह्यांच्या वाट्याला १९२ वॅटच येतात. आरटीएक्स ४०६० एकटेच ११५ वॅट घेते. आय-५ १२४०० भरात आला की ११७ पर्यंत जातो. बेरीज झाली २३२. मग काय होणार? खेळ ऐन रंगात आला की संगणक बंद! ह्या जोडीला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, '८० प्लस ब्रॉन्झ' असा शिक्का असलेला पॉवर सप्लाय पुरतो. व्होल्टेज पडणाऱ्या गावी त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले पाहून घ्यावे. काहींवर २०० ते २४० एवढेच असते.

आणि अर्थिंग! कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार ज्या घरांतून येते, तेथे तीन पिनांच्या सॉकेटात तिसरी तार बहुधा नुसती शोभेला असते. आधी वायरमनला बोलवा, मग संगणक आणा. यूपीएस घेताना व्हीए म्हणजे वॅट समजू नका. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर बहुधा ३६० वॅट असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. वीज गेल्यावर खेळ जतन करून पाच मिनिटांत बंद करता यावे, एवढ्यासाठी तो असतो. तासभर खेळण्यासाठी नव्हे.

पत्र्याचे छप्पर असेल तर उन्हाचाही विचार करा. प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या घरात तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो. पैसे दिलेला वेग एप्रिल-मे महिन्यांत नाहीसा होतो. म्हणून पुढून बंद काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे कॅबिनेट बरे. पंखे रंगीत नसले तरी वारा तेवढाच देतात. जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा झटकावी. मळणीच्या दिवसांत दोनदा.

मग पैशांची वाटणी कशी? मोठे, चित्रमय खेळ खेळावयाचे असतील, तर मॉनिटर सोडून उरलेल्या शंभर रुपयांतले पस्तीस ते चाळीस कार्डावर, पंचवीस ते तीस प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून, आणि बाकीच्यांत रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय व कॅबिनेट. हा माझा हिशेब. भाव बदलतील तसा थोडा इकडेतिकडे होईल. २०२१ मध्ये कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे चढले. घाई नसेल तर दोन-तीन महिने भाव पाहत राहावे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथले भाव आणि ऑनलाइन भाव विचारून मगच तालुक्याच्या दुकानात बोलणी करावीत. तालुक्याचा दुकानदार पाचशे-हजार अधिक मागत असेल आणि बिघाड झाल्यावर दारात उभा राहणार असेल, तर मी त्याच्याचकडून घेईन.

जुन्या कार्डाविषयी अनेक जण विचारतात. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत इथेरियम हे आभासी चलन ग्राफिक्स कार्डांवर 'खणले' जात असे. मग ती पद्धत बंद झाली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. सगळीच वाईट असतात असे नाही. पण वॉरंटी शिल्लक असल्यावाचून आणि समोर अर्धा तास खेळ चालवून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. लॅपटॉपच्या बाबतीत एवढेच ध्यानात ठेवा, की त्यातले '४०६०' आणि पेटीतले '४०६०' ह्यांचे नाव एक असले तरी दमात फरक असतो.

एक गोष्ट मात्र कितीही पैसे घालून विकत मिळत नाही. व्हॅलोरंटसारख्या खेळाचा सर्व्हर मुंबईत असला, तरी आपले बटण दाबणे तेथे पोहोचून परत यावयास जो वेळ लागतो तो इंटरनेटवर अवलंबून. मोबाइलचे सिग्नल एका रेघेवर असेल, तर भारी कार्डावरही मुलगा गोळी झाडण्याआधीच पडेल. तो "कॉम्प्युटर स्लो आहे" म्हणून नवे कार्ड मागू लागला, तर आधी मोबाइल घेऊन गच्चीवर जा आणि सिग्नल पाहा.

पेटी घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या सॉकेटात नव्हे, खालच्या बाजूला आडव्या बसवलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या सॉकेटात घालावयाची, हे विसरू नका. ही एक चूक करून चांगले कार्ड महिनोन्‌महिने रिकामे ठेवणारे कितीतरी लोक आहेत. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवडावा लागतो. नाहीतर तो ६० वरच चालत राहतो. पक्के बिल मागून घ्या, त्यावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि सीरियल नंबर लिहून घ्या. कार्डावर बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. तोवर रिकामी खोकी माळ्यावर कोरड्या जागी ठेवा, उंदीर लागणार नाहीत अशा बेताने.